मशीहाचे दैवी सामर्थ्य

मशीहाचे दैवी सामर्थ्य : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. नाझरेथचा येशू हाच इझ्राएलला वचन दिलेला मशीहा होय, हे ख्रिस्ती श्रद्धेचे एक विधान. त्याच्या ठायी प्रत्यक्ष परमेश्वराचे सामर्थ्य वसत होते, हे दुसरे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ही दोन्ही विधाने एकरूप झालेली असली, तरी इतिहासदृष्ट्या ती भिन्न आहेत. ज्यू परंपरेतील मशीहा हा ईश्वर असण्याची मुळीच आवश्यकता नव्हती. तर ज्याला ईश्वर म्हणावयाचे तो रोमन शासनाच्या क्रूसावर मरण पावतो, ही कल्पना ज्यू आणि ग्रीक या दोघांनाही असह्य होती. या विसंगतीतून ख्रिस्ती धर्मशास्त्राचा फार मोठा भाग जन्मास आला.

‘मशीहा’ हा शब्द हिब्रू ‘माशीआह’ या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे. ‘ख्रिस्तोस’ हे त्याचेच ग्रीक भाषांतर. त्यामुळे ‘ख्रिस्त’ हे व्यक्तिनाम नसून मुळात ती एक पदवी आहे. अरबीतील ‘मसीह’ आणि उर्दू-हिंदीत रूढ झालेले ‘मसीहा’ ही त्याच शब्दाची रूपे होत. प्राचीन इझ्राएलमध्ये राजा व याजक यांच्या मस्तकावर तेल ओतून त्यांना अधिकारपद देत. सॅम्युएल या संदेष्ट्याने प्रथम सॉलचा व पुढे डेव्हिडचा असा अभिषेक केल्याची कथा जुन्या करारात आहे. या पदवीने व्यक्तीचे कार्य सूचित होई, तिचे स्वरूप नव्हे. म्हणूनच यशयाच्या ग्रंथात इराणचा सम्राट सायरस यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे. हा राजा ज्यू नव्हता. पण त्याने इ. स. पू. ५३९ मध्ये बॅबिलन जिंकून तेथील निर्वासित ज्यूंना मायदेशी परतण्याची मुभा दिली होती.

डेव्हिडचे सिंहासन चिरकाल टिकेल, असे वचन परमेश्वराने दिल्याची ज्यूंची श्रद्धा होती. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनियनांनी जेरूसलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले आणि डेव्हिडच्या वंशाची राजसत्ता संपुष्टात आली. दिलेले वचन आणि घडलेली घटना यांमधील या अंतरातून भावी राजाची आशा वाढीस लागली. इ. स. पू. ६३ मध्ये पाँपीने जेरूसलेम घेतल्यानंतर रचलेल्या ‘सॉलोमनची स्तोत्रे’ या संग्रहात तर परकीयांपासून नगराची शुद्धी करणाऱ्या डेव्हिडवंशीय राजाची स्पष्ट मागणी आढळते. तथापि या आशेला एकच एक रूप नव्हते. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या हस्तलिखितांत एक याजक व एक राजा अशा दोन मशीहांची अपेक्षा व्यक्त झाली आहे, तर दानीएलच्या ग्रंथात मेघांवर आरूढ होऊन येणाऱ्या मानवसदृश पुरुषाचे दर्शन आहे. कुमरानच्याच एका खंडित लेखात मशीहाच्या काळी आंधळ्यांना दृष्टी लाभेल, मृत उठतील आणि दीनांना शुभवार्ता ऐकविली जाईल, असे म्हटले आहे. मात्र ही कृत्ये मशीहा करील की स्वतः परमेश्वर, हे तेथे निःसंदिग्ध नाही. बहुतेक अभ्यासकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. मशीहा आणि चमत्कार यांची सांगड येशूच्या काळापूर्वीच पडू लागली होती, एवढे यावरून दिसते.

पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये अशा आशा लोकांना प्राणास मुकविणाऱ्या ठरत. जोसीफस या ज्यू इतिहासकाराने थ्यूडस नावाच्या एका पुरुषाची हकीकत दिली आहे. आपल्या आज्ञेने जॉर्डन नदी दुभंगेल, असे सांगून त्याने मोठा जमाव गोळा केला. रोमन अधिकारी फाडसने घोडदळ पाठवून जमाव उधळला आणि थ्यूडसचा शिरच्छेद केला. इजिप्तहून आलेल्या दुसऱ्या एकाने जेरूसलेमचे तट आपल्या शब्दाने कोसळतील, असे आश्वासन दिले होते. त्याच्याही अनुयायांची कत्तल झाली. पुढे १३२–१३५ मधील बंडाचा नेता बार कोखबा याला रब्बी अकीबाने मशीहा मानले आणि त्या बंडाची परिणती ज्यूडियाच्या विध्वंसात झाली. मशीहाची कसोटी यश ही होती. जो मारला गेला तो मशीहा नव्हता, असाच त्या काळचा स्वाभाविक निष्कर्ष होता. पाँशस पायलेटच्या अंमलात (२६–३६) सु. ३० मध्ये क्रूसावर दिल्या गेलेल्या येशूच्या बाबतीतही तोच निघावयास हवा होता. तो त्याच्या शिष्यांनी काढला नाही.

नव्या करारातील शुभवर्तमाने सामान्यतः सु. ७० ते १०० या काळातील मानली जातात. येशूच्या अद्‌भुत कृत्यांना मार्क, मॅथ्यू व ल्यूक ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य हा शब्द योजतात, तर जॉन ‘सेमेइऑन’ म्हणजे चिन्ह हा शब्द पसंत करतो. याखेरीज ‘एक्सूसिया’ म्हणजे अधिकार असा तिसरा शब्द येतो आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. केवळ रोगनिवारण किंवा भूतबाधा दूर करणे ही त्या काळी असामान्य गोष्ट नव्हती. अशा कृत्यांबद्दल ख्याती असलेले ज्यू सत्पुरुष होते व ग्रीक जगात तर आस्क्लीपिअसची आरोग्यमंदिरेच होती. येशूच्या कृत्यांचे वेगळेपण त्यांच्या अर्थात आहे. कफर्णहूम येथे छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला तो प्रथम पापक्षमा सांगतो व नंतर चालावयास लावतो. आणि पापक्षमा हा तर परमेश्वराचाच अधिकार, असा आक्षेप तेथे बसलेले शास्त्री घेतात. वादळ शमविण्याच्या कथेचेही तसेच आहे. हिब्रू स्तोत्रांत समुद्राच्या लाटांना आवरणारा केवळ परमेश्वर असतो. त्यामुळे हा कोण आहे, हा नावेतील शिष्यांचा प्रश्न नुसत्या आश्चर्याचा नाही.

याच शुभवर्तमानांत सामर्थ्याच्या मर्यादाही नमूद आहेत. मार्कच्या कथनात येशूला स्वतःच्या गावी, लोकांच्या अविश्वासामुळे, फारशी अद्‌भुत कृत्ये करता आली नाहीत. मॅथ्यूने हाच प्रसंग सांगताना वाक्यरचना सौम्य केली आहे. अरण्यातील कसोटीच्या वेळी तो दगडांच्या भाकरी करण्याचे व मंदिराच्या टोकावरून उडी घेण्याचे नाकारतो. बरे झालेल्यांना तो वारंवार मौन पाळावयास सांगतो. या मौनाचा उलगडा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मन अभ्यासक व्हिल्हेल्म व्रेडे याने १९०१ मध्ये केला. येशू हयातीत मशीहा म्हणून ओळखला गेला नव्हता आणि ही अडचण दूर करण्यासाठी पुढच्या पिढीने ‘गुपिता’ची कल्पना रचली, असे त्याचे मत होते. ते आता पूर्णतः मान्य होत नसले, तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न टळलेला नाही. सीझरिया फिलिपी येथील प्रसंग या दृष्टीने निर्णायक म्हणावा लागेल. पीटर त्याला मशीहा म्हणून ओळखतो. येशू लगेच आपल्या दुःखभोगाविषयी व वधाविषयी बोलू लागतो. पीटरला ते रुचत नाही आणि त्याला अत्यंत कठोर शब्द ऐकावे लागतात. पदवी बरोबर होती, तिचा पीटरला अभिप्रेत असलेला अर्थ मात्र नव्हे.

क्रूस हा प्राचीन जगात लज्जेचा विषय होता. गुलाम व बंडखोर यांच्यासाठी ती शिक्षा राखून ठेवलेली असे, आणि खांबाला टांगलेला मनुष्य शापित होय असे ज्यू नियमशास्त्राचे वचन होते. सेंट पॉलने हीच लज्जा आपल्या प्रतिपादनाचा केंद्रबिंदू केली. कॉरिंथ येथील मंडळीला सु. ५४ मध्ये पाठविलेल्या पत्रात तो क्रूसावरील ख्रिस्तालाच देवाचे सामर्थ्य म्हणतो आणि ज्यूंना हे अडखळण आहे व ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, याची कबुलीही देतो. फिलिपी येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात देवाच्या स्वरूपात असलेल्याने स्वतःला रिते करून दासाचे रूप घेतले, अशी कल्पना आहे. हा भाग पॉलपूर्वीच्या एखाद्या उपासनास्तोत्रातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पॉलच्या ग्रीक पत्रात आलेला ‘मारानाथा’ हा ॲरेमाइक शब्दही महत्त्वाचा आहे. त्यातून पॅलेस्टाइनमधील आरंभीच्या अनुयायांनी येशूला ‘प्रभू’ म्हणून आवाहन केल्याचे दिसते. त्यामुळे येशूचे देवत्व हे ग्रीक जगात उशिरा चिकटलेले कलम होय, ही एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेली उपपत्ती आज पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. एकेश्वरवादी ज्यूंनी आपल्या समकालीन माणसाची अशी उपासना इतक्या लवकर का सुरू केली, याचे श्रद्धावंतांचे उत्तर पुनरुत्थान हे आहे. इतिहासकाराला त्या श्रद्धेचे अस्तित्व व परिणाम नोंदविता येतात. तिच्या विषयाबद्दल निवाडा देण्याचे साधन त्याच्याजवळ नाही.

बाहेरच्यांना ही उपासना चमत्कारिक वाटे. बिथिनियाचा रोमन शासक धाकटा प्लिनी याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला कळविले, की हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. रोममधील पॅलटाइन टेकडीवर १८५७ मध्ये उजेडात आलेल्या भिंतीवरील एका ओबडधोबड रेखाटनात गाढवाचे मस्तक असलेली क्रूसावरील आकृती असून अलेक्सामेनॉस आपल्या देवाची पूजा करतो आहे, अशा आशयाचा ग्रीक मजकूर खाली खरडलेला आहे. ती बहुधा कोणा सोबत्याने केलेली टवाळी असावी. क्रूसावरील ख्रिस्ताच्या अगदी प्राचीन चित्रांपैकी एक शत्रूच्या हातचे असावे, हा योगायोग विलक्षणच. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस या तत्त्वज्ञाने अधिक गंभीर हल्ला चढविला. येशूने अद्‌भुत कृत्ये केली हे तो नाकारीत नाही. ती इजिप्तमध्ये शिकलेली जादू होती, असे तो म्हणतो. ऑरिजेनने सु. २४८ मध्ये त्याला दिलेल्या उत्तरात जादूगाराच्या खेळाने कोणाचे आचरण सुधारत नाही, असा मुद्दा मांडला. म्हणजे चमत्कार घडले की नाही यापेक्षा ते कोणत्या सामर्थ्याने घडले, हा प्राचीनांचा वाद होता. आधुनिकांचा वाद याच्या नेमका उलट आहे.

चर्चच्या आतही एकमत नव्हते. एबिअनाइट पंथीय येशूला देवाने निवडलेला मनुष्य मानीत, तर आभासवादी त्याचे शरीर व दुःख हा केवळ देखावा समजत. अँटिऑकचा बिशप इग्नेशिअस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी या आभासवादाचा निषेध करताना विचारले, की ख्रिस्ताचे दुःख खोटे असेल तर आपण स्वतः साखळदंडांत जखडून श्वापदांपुढे कशासाठी जात आहोत? हा प्रश्न मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाचा होता.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातील एरिअस (मृ. ३३६) या धर्मोपदेशकाने वादाला निर्णायक वळण दिले. पिता हाच एकमेव अनादी ईश्वर. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी निर्माण झालेला, म्हणून त्याला आरंभ आहे, असे त्याचे मत होते. त्यात एकेश्वरवादाचे रक्षण होते आणि तर्काची स्पष्टताही होती. आपली मते त्याने पद्यात गुंफली आणि ती खलाशी व गिरणकरी यांच्या तोंडी गेली, असे सांगतात. सम्राट कॉन्स्टंटीनने ३२५ मध्ये नायसीया येथे धर्मपरिषद बोलाविली. परंपरेने तेथील बिशपांची संख्या ३१८ सांगितली जाते. त्यांपैकी काहींच्या अंगावर नुकत्याच संपलेल्या छळाच्या खुणा होत्या आणि आता ते राजाश्रयाने जमले होते. पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसिऑस’ म्हणजे एकतत्त्व आहे, असे परिषदेने घोषित केले. हा शब्द बायबलमध्ये नाही आणि त्यामुळे परिषदेचे समर्थकही त्याबाबत साशंक होते.

अलेक्झांड्रियाचा पुढचा बिशप अथॅनेशिअस (मृ. ३७३) याने हा शब्द आयुष्यभर लढविला. त्याच्या प्रतिपादनाचा पाया तत्त्वज्ञानापेक्षा तारणाच्या अनुभवात आहे. मनुष्य स्वतःला मृत्यूतून सोडवू शकत नाही. ख्रिस्तही निर्मित असेल तर तोही आपल्याच बाजूस उभा आहे आणि दरी तशीच उरते. शिवाय निर्मिताची उपासना ही मूर्तिपूजाच ठरते, आणि ती टाळण्यासाठी तर हुतात्म्यांनी प्राण दिले होते. तेव्हा एक तर ख्रिस्ताची उपासना थांबवावी किंवा त्याला पूर्णार्थाने ईश्वर मानावे, असा हा पेच होता. हा निकाल काही एका परिषदेने लागला नाही. कॉन्स्टंटीनला मृत्युशय्येवर ३३७ मध्ये बाप्तिस्मा दिला तो एरिअसला अनुकूल असलेल्या बिशपने. त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्शिअस उघडपणे विरुद्ध पक्षाचा होता. अथॅनेशिअसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाणी बदलणारे व पाव विकणारेही भावाऐवजी पिता-पुत्रांच्या नात्याविषयी बोलू लागतात, अशी तक्रार निसाच्या ग्रेगरीने केली आहे. अखेर ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने नायसीयाचा निर्णय कायम केला.

एक प्रश्न सुटताच दुसरा उभा राहिला : तो पूर्ण ईश्वर असेल, तर भुकेलेला, थकलेला, मृत्यूला भिणारा मनुष्य कोण? एफेसस येथील परिषदेने (४३१) नेस्टोरिअसला पदच्युत केले, तर कॅल्सिडॉन येथील परिषदेने (४५१) एकाच व्यक्तीत दैवी व मानवी अशा दोन प्रकृती आहेत, असा निर्णय दिला. या प्रकृतींचा संबंध सांगताना तिने चार नकारार्थी विशेषणे योजली. उपनिषदांतील ‘नेति नेति’ची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे. इजिप्त, सिरिया, आर्मेनिया व इथिओपिया येथील चर्चना हा निर्णय मान्य झाला नाही आणि ती फूट आजही पूर्णपणे सांधलेली नाही. मात्र रोम व कॉप्टिक चर्च यांच्या प्रमुखांनी १९७३ मध्ये आणि रोम व असीरियन पौर्वात्य चर्च यांच्या प्रमुखांनी १९९४ मध्ये संयुक्त निवेदने काढून ख्रिस्तावरील श्रद्धा समान असल्याचे मान्य केले. दीड सहस्र वर्षांच्या वैराचा बराचसा भाग शब्दांच्या भिन्न अर्थांमुळे होता, असा याचा अर्थ होतो.

भारतात या वादाचे पडसाद केरळात उमटले. तेथील सेंट टॉमस ख्रिस्ती समाज पूर्वापार पौर्वात्य सिरियन चर्चशी संबद्ध होता. उदयंपेरूर येथे १५९९ मध्ये भरलेल्या सभेत पोर्तुगीज आर्चबिशपने नेस्टोरिअसच्या मताचा धिक्कार करावयास लावला. १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे क्रूसाला दोर बांधून घेतलेल्या शपथेनंतर त्या समाजातील एक गट वेगळा झाला आणि त्याने पुढे पश्चिम सिरियन परंपरेशी नाते जोडले, म्हणजे नेमक्या विरुद्ध टोकाशी. सामान्य श्रद्धावंतांना प्रकृतींच्या संख्येपेक्षा आपल्या चर्चचा स्वाधिकार अधिक मोलाचा वाटला असावा.

श्रद्धावंताच्या दृष्टीने या संकल्पनेचा अर्थ मुख्यतः उपासनेतून व्यक्त होतो. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत भाकरी व द्राक्षारस यांच्या विधीत ख्रिस्ताची प्रत्यक्ष उपस्थिती मानली जाते. पौर्वात्य परंपरा मनुष्याच्या ईश्वरी जीवनातील सहभागावर भर देते. ल्यूथरने ईश्वराला वैभवात न शोधता क्रूसावर शोधावे, असे शिकविले. नाझी राजवटीने १९४५ मध्ये फाशी दिलेला जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहॉफर याने तुरुंगातून लिहिताना ख्रिस्त आपल्या दुर्बलतेने साहाय्य करतो, सर्वशक्तिमत्तेने नव्हे, असे प्रतिपादन केले. याउलट विसाव्या शतकात जगभर पसरलेल्या पेंटेकोस्टल पंथांनी रोगनिवारणाच्या सामर्थ्यालाच अग्रस्थान दिले. सत्तेने या संकल्पनेचा घेतलेला लाभही विसरता येत नाही : साष्टी प्रदेशातील मंदिरे १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी पाडली, ती क्रूसावर असहायपणे मेलेल्या मशीहाच्याच नावाने.

त्याच साष्टीत फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याचे ‘पैले पुराण’ तारणाऱ्याची प्रतीक्षा वर्णन करते आणि ‘दुसरे पुराण’ त्याचे चरित्र. नवख्रिस्ती वाचकांना ओळखीच्या पुराणशैलीत अनोळखी मशीहा सांगण्याचा हा प्रयत्न भाषेच्या इतिहासातही मोलाचा ठरला. अवतारकल्पनेशी येथे तुलना सुचते; परंतु अवतार अनेक व पुनःपुन्हा होणारे, तर ख्रिस्ती मतानुसार ईश्वराचे मानवी देह धारण करणे एकदाच व इतिहासातील निश्चित काळी झालेले, हा भेद महत्त्वाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात भारतीय विचारवंतांनी हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासला. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशाचे संकलन प्रसिद्ध केले व त्यातून चमत्कार आणि देवत्वविषयक भाग वगळला. सेरामपूरच्या जॉशुआ मार्शमनशी त्यांचा दीर्घ वाद झाला. या वादाच्या काळात विल्यम ॲडम हा मिशनरीच राममोहनांच्या मताचा झाला व त्याच्या नावावरून ‘दुसऱ्या आदामाचे पतन’ अशी कोटी रूढ झाली. यूरोपात डेव्हिड श्ट्राउसने १८३५ मध्ये चमत्कारकथांना आद्य ख्रिस्ती समाजाची मिथ्यकथारचना ठरविले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी सर्वांत कठोर झुंज पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) दिली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा येशूच्या शिकवणीवर त्यांची निष्ठा होती; परंतु त्रैक्य व ख्रिस्ताचे देवत्व हे सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते आणि ते त्यांनी लपविलेही नाही. सिस्टर जेराल्डीन व चेल्टनम येथील प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी त्यांनी केलेल्या पत्रव्यवहारात हा वाद सविस्तर आला आहे. वेदान्ताचे अध्ययन केलेल्या या विदुषीने कोणत्याही बिशपच्या अधिकाराने आपल्या विवेकाला बांधून घेण्याचे नाकारले. भारतात परतल्यावर, १८९१ च्या सुमारास, ख्रिस्त हा स्वतःचा तारणारा असल्याची प्रतीती त्यांना झाली, असे त्यांनी पुढे आपल्या निवेदनात सांगितले आहे. हा बदल युक्तिवादाने झाला नाही. पण पूर्वीच्या युक्तिवादांबद्दल त्यांनी खेद केल्याचेही दिसत नाही. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला.

रमाबाईंच्या मागोमाग नारायण वामन टिळक यांनी (मृ. १९१९) भक्तिपरंपरेच्या वाटेने ख्रिस्ताकडे पाहिले. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त सिंहासनावरील राजापेक्षा माउली व सखा म्हणून अधिक येतो. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले व ते पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी पुरे केले.